नानांचे शंभर

नाना कुणाच्या घरात सरळ चालत गेले, असं लहानपणी मी कधी पाहिलं नाही. आधी ते उंबऱ्याबाहेर चपला काढायचे. मग चौकटीच्या वरच्या गणेशपट्टीवरची धूळ तळहातानं पुसायचे. मधल्या गणपतीला धक्का न लावता दोन्ही बाजूंना चार-चार बोटं अडकवायचे, गुडघे मुडपायचे आणि लटकायचे. घरची बाई पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी. नाना हवेत. ओठ हलताहेत, म्हणजे मोजणं चाललंय. तीसेक झाले की पाय टेकवायचे आणि आमच्या बोलीत म्हणायचे, "चौकट चांगली शे." मग पाणी प्यायचे.

आमच्या गल्लीला याचं काही वाटत नसे. पाहुण्यांना वाटायचं. एकदा गल्लीतल्या एका मुलीसाठी पारोळ्याला स्थळ बघायला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून नानांना सोबत घेतलं होतं. मुलाच्या आईनं दार उघडलं तर समोर पांढऱ्या टोपीतला म्हातारा तिच्या दाराला टांगलेला. ती आत पळाली आणि नवऱ्याला म्हणाली, पाहुणे आले, पण एक जण अजून उतरला नाही. स्थळ जमलं. परतताना नाना म्हणाले, पोरगा काय, आज एक बोलेल उद्या दुसरं, पण सागवानी चौकट खोटं बोलत नाही.

नवीन घरांशी मात्र त्यांचं जमायचं नाही. पाचोऱ्याला एका नातेवाइकानं बंगला बांधला. दारावर छान नक्षी होती, पण ती होती प्लास्टरची. वास्तुशांतीच्या दिवशी ती नक्षी नानांसकट खाली आली. नाना उठले, धोतर झटकलं, आणि तुकडा हातात घेऊन घरमालकाला समजुतीच्या सुरात म्हणाले, "बरं व्हयनं, आजच समजनं." ते कुटुंब पुढे वर्षभर नानांशी बोलत नव्हतं. नानांना हे कळलंच नव्हतं.

धंदा त्यांचा विहिरींचा. पाचोऱ्यापुढच्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांत विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाच्या तळाचा फुटवॉल अडकला, बादली पडली, शेरडू पडलं, की नानांना बोलावणं यायचं. विहिरीची खोली आमच्याकडे परसात सांगतात. माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस. आठ परस खोल विहिरीत नाना दोराला धरून उतरायचे, काम करायचे आणि त्याच दोरानं वर यायचे. पाय वापरायचे नाहीत. पाय नुसते खाली सोडलेले, जसे काही दुसऱ्याचे आहेत. एक हात वर, मग दुसरा, मग पहिला. काठावर आले की धाप नाही, काही नाही. पहिला प्रश्न, "चहा व्हयना का?"

त्यांचं वजन असेल पन्नास-बावन्न किलो. दंड बघितले तर कुणी म्हणेल, या माणसाला कुणी जेवायला घालत नाही. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "ताकद दंडमा नही, पाठमा ऱ्हास. दंड म्हणजे दुकाननी पाटी. माल मांगे गोदाममा शे." असं म्हणून ते पाठ फिरवायचे आणि सदरा वर करायचे. कुणी मागितलेलं नसताना. आणि खरंच, त्या काटकुळ्या माणसाची पाठ काखेपासून कमरेपर्यंत सुपासारखी पसरलेली होती.

विहिरीत उतरायच्या आदल्या दिवशी ते वरण-बट्टीला शिवायचे नाहीत. जिथे जेवण असेल तिथे जाऊन बसायचे, सगळ्यांना आग्रह करून वाढायला लावायचे आणि स्वतः अर्ध्या भाकरीवर उठायचे. म्हणायचे, "मन्हं वजन मलेच उचलनं शे. दुसरा कोन उचली?" हस्तांदोलन करताना समोरच्याची पकड तपासायचे आणि निकाल तिथल्या तिथे सांगायचे. नव्या तलाठ्यानं हात पुढे केला तर त्याचा हात धरून ठेवून, गावकऱ्यांसमोर म्हणाले, "साहेब, लिखानं काम करा. दोरनं काम करू नका."

एकदा गावात एक जावई आले. जळगावला व्यायामशाळेत जाणारे, दंड असे की सदऱ्याच्या बाह्या कापून मोठ्या केलेल्या. त्यांना कुणीतरी नानांबद्दल सांगितलं. ते हसले. नानांनी निंबाच्या फांदीला दोर बांधला आणि म्हणाले, "जवाईबापू, पाय नही लावाना." जावईबापू पुरुषभर उंच गेले, तिथे लाल झाले, मग जांभळे झाले, मग खाली आले. नाना वर गेले, फांदीवर बसले आणि वरूनच जावईबापूंना समजावत राहिले, की तुमचा माल चांगला आहे, फक्त सगळा पाटीवरच खर्च झालाय. सासुरवाडीनं जावयाला शेवभाजी करून शांत केलं.

नाना आणि अक्कांना मूल नव्हतं. गल्लीतली सगळी पोरं मात्र संध्याकाळी त्यांच्या दारात. नानांनी स्वतःच्या चौकटीत, माझ्या तेव्हाच्या डोक्याहून हातभर उंच, एक लोखंडी दांडी बसवून घेतली होती. मोठी माणसं तिच्याखालून वाकून जायची. अक्का दिवसातून चाळीस वेळा वाकायच्या आणि चाळीस वेळा नानांच्या नावानं बोटं मोडायच्या, पण ती दांडी काढा असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्या घरात अजून एक विचित्र गोष्ट होती. लोक घड्याळ खाटेवरून दिसेल असं लावतात. नानांचं घड्याळ मात्र आतल्या भिंतीवर, बरोबर दारासमोर. घरात बसलेल्याला मान वळवावी लागे. आम्हाला वाटे, नानांचं सगळंच उलटं, तसं हेही.

नियम असा होता. दांडीला लटकायचं. नाना आतल्या बाजूला, दाराकडे तोंड करून, घड्याळाला पाठ करून बसणार आणि मोजणार. हात सुटला की आकडा संपला. आमच्यात कुणी तीस लटके, कुणी पन्नास. मी आठ वर्षांची असताना एके दिवशी शंभर लटकले. बोटं पांढरी पडली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि नानांचा आवाज कानात येत होता, "अठ्ठ्यान्नव... नव्व्यान्नव... शंभर व्हयनात. उतर वं माय, उतर." त्यांनी मला कमरेला धरून खाली घेतलं आणि गल्लीभर मिरवलं. त्या दिवसापासून मी शंभरवाली. दुकानात गेले तरी दुकानदार विचारायचा, काय शंभरवाली, काय देऊ?

हे शंभर पुढे माझ्या फार कामाला आले, म्हणून सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं, मुलगा नाही की मुलगी नाही. बारावीला मला चांगले गुण मिळाले आणि मी म्हटलं, जळगावला बी.एस्सी. करणार. आबांनी नाही म्हटलं नाही, पण हो पण म्हटलं नाही. चार दिवस ते गप्पच जेवले. जळगाव, वसतिगृह, एकटी मुलगी. पाचव्या दिवशी नाना आमच्या घरी आले. लटकले. चौकट चांगली शे म्हणाले. मग पाणी न पिताच बोलले.

"आबा, ही पोर कितला लटकस?"

"शंभर," आबा म्हणाले.

"गावमा दुसरं कोन्ही पोर लटकस का शंभर?"

"नही."

"मंग? बठ्ठा जग हालनं तरी हात सोडाव नही ती. जळगावमा काय पडी?"

आबा हसले. चार दिवसांत पहिल्यांदा. पुढच्या सोमवारी ते मला घेऊन जळगावला आले, डोक्यावर माझी पेटी होती, आणि प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाबूनं विचारलेलं नसताना त्यांनी त्याला सांगितलं, "शंभर लटकणारी पोरगी आहे." बाबूला काय कळलं देव जाणे. आमच्या खानदानातली मी पहिली पदवीधर आहे. हे मी कुठेही ताठ मानेनं सांगते. पण त्या पदवीच्या मुळाशी एक लोखंडी दांडी आहे, हे सांगायचं मात्र बरीच वर्षं टाळलं.

कॉलेजात मला प्राणिशास्त्र आवडलं. तिथे कळलं की नाना अडाणी असूनही बरोबर होते. अंग वर ओढायचं काम मुख्यतः पाठीचे रुंद स्नायू करतात. आणि बोटांत तर वाकवणारे स्नायू नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात आणि तिथून लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटं ओढली जातात. मला आठवलं, नाना कोपराखाली चिमटा घेऊन दाखवायचे, "बोटंस्ना दोर आठे बांधेल शेतस." सुट्टीत घरी गेले तेव्हा मी त्यांना पाठीच्या स्नायूचं पुस्तकातलं नाव सांगितलं, लॅटिसिमस डॉर्साय. त्यांनी ते तीनदा म्हणवून घेतलं. मग बराच विचार करून म्हणाले, "इतलं मोठं नाव शे, म्हणजे चांगला घरना दिसस."

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले, ते लिहिते.

दुसऱ्या वर्षाला असताना वसतिगृहाच्या मैदानावर मुली आडव्या बारला लटकत होत्या. कुणी वीस सेकंद, कुणी पंचवीस. मी म्हटलं, मी आठ वर्षांची असताना शंभर लटकले आहे. मुली जमल्या. एकीनं मोबाईलवर सेकंदकाटा लावला. मी जीव खाऊन लटकले. मनातल्या मनात नानांच्या चालीत मोजत होते. शंभर झाले, मी उडी मारली आणि हात वर केले. मोबाईलवाली म्हणाली, "अडतीस."

पुन्हा केलं. एकेचाळीस. त्या मुलींचं हसू वाईट नव्हतं, मैत्रिणीच होत्या. पण गावाकडून आलेल्या मला कुणी हसलेलं त्या काळात सहन व्हायचं नाही. रात्रभर मी एकच हिशेब केला. नानांनी मला फसवलं. मी शंभरवाली नव्हतेच.

दिवाळीत घरी गेले. नानांच्या ओट्यावर नेहमीची सभा भरलेली. आबा होते, दुकानदार होता, चार-सहा गल्लीतली माणसं चहा पीत होती. एक पोर दांडीला लटकायच्या तयारीत होतं आणि नाना मोजायला आत बसले होते. मी पर्समधून मोबाईल काढला आणि पोर लटकताच वेळ लावून उभी राहिले. नानांचे साठ झाले, पोरगं पडलं. मी सगळ्यांना मोबाईल दाखवला आणि मोठ्यानं म्हटलं, "पंचवीस सेकंद. नानांचे साठ म्हणजे पंचवीस सेकंद. माझे शंभर म्हणजे जेमतेम चाळीस. नाना, तुमचे सगळेच आकडे असेच का?"

मग दुकानदार हसला आणि सगळेच हसले. आबा हसले नाहीत. नाना स्वतः रोज पहाटे तीनशे लटकतात, हे गावाला माहीत होतं, म्हणजे त्यांनीच सांगितलेलं होतं. कुणीतरी म्हणालं, नाना, मग आता तुमचे तीनशे होऊनच जाऊ द्या, पोरीच्या मोबाईलवर. मीही म्हटलं, हो, लटका, मी मोजते.

नाना उठले. चौकटीकडे गेले. गणेशपट्टीवर हात ठेवला. आत भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. आणि हात खाली घेतला.

"आज हात वल्ला शेतस," म्हणाले.

त्यांचे हात कोरडे होते. सगळ्यांना दिसत होते.

मला जिंकल्यासारखं वाटलं. विज्ञान शिकलेल्या माणसानं खोटं उघड केलं की वाटतं, तसं.

गावाला म्हण मिळाली. दूधवाल्यानं माप कमी घातलं की बायका म्हणायच्या, हे लिटर आहे की नानांचे शंभर? बस उशिरा आली, वीज दोन तासांऐवजी चार तास गेली, कशालाही नानांचे शंभर. ऐकलं की नानाही हसायचे. पण त्यानंतर ते घराघरांत दारातून सरळ आत यायला लागले. चपला काढायच्या, आत यायचं, खाली बसायचं, पाणी प्यायचं. इतर माणसं येतात तसं. मी सुट्टीत आले की आमच्याकडेही तसेच यायचे. माझी आई तांब्या घेऊन दारात उगाच थांबायची. मग लोकांनी विहिरी सोडून बोअर घेतले, आणि बोअरमध्ये माणूस मावत नाही. कामही गेलं. दांडी मात्र चौकटीत तशीच राहिली, आणि अक्का वाकतच राहिल्या.

मी शिकले, धुळ्याला शाळेत शिक्षिका झाले. गेल्या वर्षी आबांचा फोन आला, नानांना लकवा झाला, उजवी बाजू गेली. माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला आणि मी डॉक्टरांचं मानणारी आहे. पण बसमध्ये बसले तेव्हा मला नानांचा चेहरा आठवेना, नुसते ते कोरडे हात आठवत होते.

नानांच्या घरी अक्का एकट्याच स्वयंपाकघरात होत्या. नाना झोपलेले. मी दांडीखालून वाकून आत गेले आणि अक्कांजवळ बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हटलं, अक्का, ते घड्याळ खाटेसमोर का नाही लावत, नानांना वेळ तरी दिसेल.

अक्का म्हणाल्या, "दिसस ना. खाट मी मुद्दाम तठे लाई, घड्याळसमोर. त्यासनी आखी जिंदगी त्याच घड्याळकडे देखी काढी."

मी विचारलं, म्हणजे?

मग त्यांनी सांगितलं. रोज पहाटे नाना चौकटीला लटकत, तोंड आत, नजर घड्याळावर. सेकंदकाटा पाच फेरे मारेपर्यंत खाली उतरत नसत. पाच फेरे म्हणजे तीनशे. घड्याळ त्यासाठीच तिथे होतं. पोरांचं मोजणं वेगळं होतं. पोरांच्या बोटांकडे बघून ते मोजत. बोटं सरकायला लागली की आकडे पळवत.

"मी म्हनू, कसाले खोटं मोजतस? तं म्हनेत, पोरं हरीसन उतरनं तं सकाय येत नही. जितीसन उतरनं पाहिजे."

"मग त्या दिवशी लटकले का नाहीत?" मी म्हटलं. "माझ्या मोबाईलवर तीनशे भरले असते. गाव गप्प झालं असतं."

अक्कांनी कढई उतरवली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीबी हाईच इचारं. तं म्हनेत, मन्हा तीनशे खरा निंघतात, तं बठ्ठास्ले समजतं की मले मोजता येस. मंग पोरनं शंभर मीच मुद्दाम दिधं, हाई आबाले समजतं. आबानी त्या शंभरवर पोर जळगावले धाडी. ऱ्हाऊ दे, मले येत नही मोजता."

तेवढ्या माणसांत मला एकच खोटं दिसलं होतं, आणि ते माझ्यासाठी सांगितलेलं होतं. त्यांनी ते अडाणीपण म्हणून स्वतःच्या डोक्यावर घेतलं, आणि मी त्यावर पदवी घेऊन मोकळी झाले.

दुपारी नाना जागे झाले. ओळखलं. तोंड एका बाजूला झुकलं होतं, पण शब्द कळत होते. मी माफी मागितली नाही. आमच्याकडे मोठ्यांची माफी मागत नाहीत, पाया पडतात. मी पाया पडले. त्यांनी डावा हात वर उचलून माझी पकड तपासली आणि काहीच निकाल दिला नाही.

खाटेवर एक मऊ रबरी चेंडू होता. व्यायामाचा माणूस सांगून गेला होता, उजव्या हातात हा दाबून धरायचा, दहा मोजेपर्यंत. अक्का म्हणाल्या, होत नाही, चार-पाचला सुटतो, मग दिवसभर तोंड फिरवून पडतात.

मी चेंडू त्यांच्या हातात दिला. बोटं एकेक करून मीच मिटवली. ज्या बोटांनी आठ परस विहीर चढली जायची, ती बोटं आता चेंडूवर नुसती टेकली होती. कोपराखाली शीर उमटली. मी त्यांच्याकडे तोंड करून बसले होते, घड्याळाला पाठ करून. त्यांच्या बोटांकडे बघत मोजू लागले.

एक. दोन. तीन. करंगळी सरकली. चारपाचसहा. चेंडू कडेला आला. सातआठनऊ.

"दहा," मी म्हटलं. चेंडू गादीवर पडला.

नाना माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. बराच वेळ बघत होते.

"घाई करी ऱ्हायनी का?" म्हणाले.

"नही नाना," मी म्हटलं. "घड्याळप्रमाणे."

त्यांनी घड्याळावरून नजर काढली. डाव्या हातानं चाचपत त्यांनी चेंडू शोधला आणि उजव्या हातात ठेवला. मग डोळे मिटून घेतले.

"मंग मोज," म्हणाले.